नऊ दिवस चालू ठेवलेला फोन

संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाशी गेला की माझ्या हातून एक यादी होते. पायी फिरायला जायचं असो वा नसो. यंदा जायचं आहे, म्हणून ती कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. बूट, पायमोजे चार जोड, दोरी, मेणबत्त्या, गूळ-दाणे, पट्ट्या. शेवटच्या ओळीत दोन पॉवर बँक. आमच्या कॉलेजातली तरुण मंडळी हसली. म्हणाली, मॅडम, एकच पुरते, आठ दिवस फोन मरत नाही. पुरत असेल. मी प्रयोगशाळेच्या सामानाची नोंद ठेवणारी बाई आहे. जे एक लागतं ते दोन ठेवते. पण खरं सांगायचं तर त्या ओळीपाशी दर वर्षी माझं पेन थोडं थांबतं.

माघ आमच्याकडे वेगळा कळतो. सकाळी अजून स्वेटर लागतो आणि दुपारी त्याच स्वेटरची घडी काखेत येते. अमरावतीहून परतवाड्याच्या एस.टी.त बसलं की खिडकीतून हरभऱ्याचा आंबूस वास येतो, मग कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांचा कोरडा. चांदूर बाजार मागे पडलं की अचानक एखाद्या संत्र्याच्या बागेवरून वारा येतो आणि फुलांचा वास सगळ्या गाडीत पसरतो. लोक डोळे मिटून घेतात. मी काच ओढून घेते.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षीची यादी अजून माझ्याकडे आहे. तेव्हा पॉवर बँक नावाची वस्तू आमच्यापर्यंत आलेली नव्हती आणि विजेची लाईन नावाची वस्तू दिवसातून बारा तास नसायची. पाऊस लागोपाठ हुलकावणी देत होता, कपाशी हातात येत नव्हती आणि वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर आपल्याच ओळखीच्या गावांची नावं असायची. आपल्या गावचं नाव नाही ना, एवढं पाहून पान उलटायचं, अशी सवय लागली होती. त्या यादीत मी लिहिलं आहे: बटणांचा फोन एक, जादा बॅटरी एक, पिनेचा चार्जर, बॅटरी चिमट्यात धरून चार्ज करणारा रंगीत दिव्याचा चार्जर, तीन पिनांचं दोन पिनांना करणारं बोंडूक, बल्बच्या होल्डरमध्ये बसणारी पिन, जीपमध्ये लागणारी वायर, लोकरी मोजा एक. मोजा पायांसाठी नव्हता. थंडीने बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती फोनमधून काढून मोज्यात गुंडाळून ठेवायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच दोन रात्री घराच्या गच्चीवर ठेवून पाहिलं होतं.

आम्ही सहा जण निघालो होतो. पुढे मोहोडसर, भूगोलाचे, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. मागे मी आणि माझी मैत्रीण नसरीन. अचलपूरला तिच्या घरचं कापडाचं दुकान, आणि ती स्वतः शाळेत शिवणकाम शिकवायची. मधे सरांचे तीन विद्यार्थी. परतवाड्याहून गाविलगड, मग सातपुड्याच्या कडेकडेने पश्चिमेला नरनाळा, आणि खाली हिवरखेडला उतरायचं. वनखात्याची परवानगी मिळाली तिथे डोंगरातून, नाही मिळाली तिथे पायथ्याच्या गावांतून. नऊ दिवस. सहा जणांत फोन दोन. सरांचा फोन डोंगरात मुकाच राहायचा. माझ्या फोनच्या कंपनीचा टॉवर तेवढा उंचवट्यावर लागायचा. त्यामुळे फोन जिवंत ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. ते आलं नसतं तरी मी मागून घेतलं असतं. मला त्या फोनवर एक निरोप यायचा होता.

निरोप बागेचा होता. अचलपूरपासून कोसभर आमचं शेत आहे, तिथे संत्र्याची दोनशे सत्तर झाडं होती. बाबांनी लावली तेव्हा मी दहावीत होते. खड्डा खणून झाला की मी वहीत ओळ आणि आकडा लिहायची. पुढे कुठल्या झाडाला डिंक्या रोग लागला, कुठलं वाळलं, कुठलं आंबिया आणि मृग दोन्ही बहार देतं, सगळं त्या आकड्यांपुढे लिहीत गेले. बाबा गेल्यावर शेत धाकट्या भावाकडे, विलासकडे आलं आणि वही माझ्याकडे राहिली. ती अमरावतीला माझ्या टेबलात असायची. महिन्यातून एकदा मी वही घेऊन जायची, ओळीओळीने फिरायची, परत यायची.

विहिरीचं पाणी दर वर्षी दोन हात खाली चाललं होतं. आजूबाजूच्या बागा निघत होत्या. विलास दिवाळीपासून म्हणत होता, "काढून टाकू ताई. हरभरा पेरू, सोयाबीन पेरू. हे झाडं आता आपल्याच्यानं पोसनं होत नाई."

मी म्हणायची, एक बहार पाहू.

आंबिया बहारासाठी झाडाला ताण देतात. हिवाळ्यात पाणी पूर्ण तोडायचं. पानं मलूल होतात, वळतात, पिवळी पडून गळायला लागतात. नवखा माणूस म्हणेल बाग गेली. झाडालाही तसंच वाटत असावं. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडायचं, आणि दोन-तीन आठवड्यांत, मरता मरता वाचलेलं ते झाड फुलांनी भरून येतं. त्या वर्षी ताण तोडून पहिलं पाणी दिलं तेव्हा मी स्वतः हजर होते. विहिरीच्या काठावर उभं राहून विलासशी बोली केली. फूल निघालं तर बाग आणखी एक वर्ष राहील, आणि ठिबकच्या नळ्या मी बसवून देईन. नाही निघालं तर त्याने झाडं काढावीत, मी एक शब्द बोलणार नाही. मी नऊ दिवस डोंगरात असणार. नेमकं त्याच दिवसांत फूल दिसायला हवं होतं. म्हणून खुणा ठरवल्या. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच मी उंचावर फोन चालू करून थांबेन. फूल निघालं तर एक मिसकॉल. नऊ दिवसांत निघालंच नाही तर शेवटच्या दिवशी दोन.

"समजलं?" मी विचारलं.

"समजलं बाप्पा," विलास म्हणाला. "दहा वेळा सांगतलं."

त्या नऊ दिवसांची एक वेगळी छोटी वही आहे. गाव, लाईन यायची वेळ, जायची वेळ, कोणाकडे लावला, बॅटरीच्या किती कांड्या भरल्या. आज वाचताना त्यातून रस्ता परत दिसतो. पहिल्या गावी पिठाची चक्की. लाईन येणार अकराला, म्हणून साडेदहापासून बाया ज्वारीचे डबे रांगेत लावून बसलेल्या. मी माझा चार्जर रांगेत ठेवला तर चक्कीवाला म्हणाला, "याचं पीठ बारीक पाह्यजे का जाडं?" सगळ्या हसल्या. पण त्याने जागा दिली. चक्कीचा पट्टा सुरू झाला की भिंतीतली ती पिन थरथरायची, म्हणून दोन तास मी ती बोटाने दाबून धरून बसले. केसांवर, भुवयांवर पीठ. नसरीन बाहेरून डोकावून गेली आणि म्हणाली, "अगं, बच्चा दूध पी रहा है क्या? डकार दिला का त्याने?"

दुसऱ्या गावात दवाखान्याच्या नर्सबाईंनी लस ठेवायच्या फ्रिजचा प्लग काढू दिला नाही, ते बरोबरच होतं; पण आपल्या खोलीतला बल्ब काढून होल्डर मोकळा करून दिला. तिसऱ्या गावात लाईन आलीच नाही. तिथे एक म्हातारेबुवा ट्रॅक्टरची बॅटरी दाखवून म्हणाले, "लाव बाई, पन माहा ट्रॅक्टर सकाळी सुरू झाला पाह्यजे." सकाळी तो सुरू होईपर्यंत आम्ही कोणी गाव सोडलं नाही.

दिवसभर बॅटरी मोज्यात, मोजा माझ्या कमरेच्या पिशवीत. चालताना उबेचा तो छोटा चौकोन लागत राहायचा. सकाळी गवतावर दव, पाय घोट्यापर्यंत ओले. दुपारी ओल्या हरभऱ्याचे टहाळे. कोणाच्याही शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून उपटायचे, मालकच म्हणायचा खा. बोटं आंबट व्हायची आणि मग पाण्याच्या बाटलीचं तोंडही आंबट लागायचं. उतारावर तुरी सोंगून ढीग घातलेले, त्यांचा वास तापलेल्या तव्यासारखा. मोहोडसर वाटेत थांबून दगड उचलायचे आणि लाव्हारस कुठून कुठे वाहिला ते सांगायचे, आणि मी मनात दुसरंच मोजत असायची: पाणी देऊन सतरा दिवस झाले. अठरा झाले.

पाच वाजले की मी चढ शोधायची. सगळे चहाच्या मागे, मी टेकाडावर. फोनमध्ये बॅटरी बसवायची, बटण दाबायचं, हात वर करून सिग्नलची कांडी येईपर्यंत गोल फिरायचं. खालून नसरीन ओरडायची, "चाँद दिखा क्या?"

पहिल्या तीन दिवसांत काही नाही. चौथ्या दिवशी फोन वाजला. मिसकॉल नव्हे, वाजतच राहिला. मी उचलला.

"ताई? ऐकू येऊन राहिलं का?"

"येते. बोल. मिसकॉल द्याचा होता ना, फोन काहून केला?"

"म्हटलं बोलून घ्यावं. कुठवर पोचली तू?"

मी सांगितलं. गाविलगड मागे पडला, अजून पाच दिवस आहेत, नरनाळा बाकी आहे. फोनवर आवाज स्पष्ट येत होता. एवढ्या खटपटीचं फळ म्हणजे भावाचा आवाज कानात.

"फूल?" मी विचारलं.

"नाई अजून. पानं तरतरीत झाली, पन फूल नाई."

"सातवी ओळ पाह्यली? विहिरीजवळची?"

"पाह्यली ना. डोयात तेल घालून पाहून राहिलो मी. तू फीर आरामात. घाई नोको करू."

त्याच्या मागे कसला तरी आवाज होता. ट्रॅक्टरचा. जोर लावून ओरडायचा, मग एकदम ढिला पडायचा, मग पुन्हा जोर.

"आवाज कायचा होऊन राहिला?"

"तुरीचं थ्रेशर लागलं," तो म्हणाला. "ठेवू आता?"

वहीत त्या दिवसापुढे मी लिहिलं आहे: फोन आला, फूल नाही, घरी तुरीचं थ्रेशर, चार कांड्या शिल्लक. थ्रेशरचा आवाज मी लहानपणापासून ऐकते आहे. तो एकसारखा असतो, घूं घूं, त्याला असे हिसके नसतात. पण शेवटी आपल्याच भावाने सांगितलेलं होतं. मी टोपण लावलं आणि चहाला खाली उतरले.

पुढचे पाच दिवस चांगले गेले, हे मला लिहावंच लागेल. नरनाळ्याच्या दरवाजावरच्या दगडी जाळीत ऊन अडकलं होतं. वरच्या तलावाच्या काठी आम्ही भाकरी खाल्ली. वनमजुरांच्या जीपमधून मी फोन पूर्ण भरून घेतला, नसरीन म्हणाली, "अब सुला दे इसको, कितना जागेगा बेचारा." शेवटच्या दिवशी हिवरखेडच्या बाहेर मी पाच ते सहा उभी राहिले, नेमापेक्षा अर्धा तास जास्त. दोन मिसकॉल आले नाहीत. मला त्याचा आनंद झाला. वाटलं, निरोप नाही म्हणजे विलासने अजून आशा सोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी अकोटवरून अचलपूर गाठलं. घरी न जाता पाठीवरच्या पिशवीसकट सरळ शेतात गेले. धुऱ्यावरून वळलं की पहिल्यांदा बागेचा काळपट हिरवा पट्टा दिसायचा. त्या दिवशी पलीकडच्या गावातलं शाळेचं छप्पर दिसलं. ते मी आमच्या धुऱ्यावरून आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

दोरखंड बांधून ट्रॅक्टरने झाडं मुळासकट ओढून काढली होती. खोडं लाकूडवाला घेऊन गेला होता. खड्डे मात्र ओळीत होते, माझ्या वहीतल्यासारखे. फांद्यांचे ढीग बांधाला लावलेले. मी एक फांदी ओढली. पानं वाळून कुरकुरीत झाली होती आणि पानांच्या बगलेत तांदळाएवढ्या कळ्या होत्या, तपकिरी पडलेल्या, घोसाने. दुसरी फांदी ओढली. तिच्यावरही. सगळ्या ढिगावर कळ्या होत्या. काही उमलून मग सुकल्या होत्या.

विलास विहिरीजवळ पाइप गुंडाळत होता. त्याने मला पाहिलं आणि गुंडाळणं थांबवलं नाही.

"कवा आली?"

"आत्ता. फूल आलं होतं."

"हो."

"कवा?"

"तू गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"आन् चौथ्या दिवशी तू फोन केला."

त्याने पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुह्यासंग बोलनं म्हंजे वकिलासंग बोलनं हाये ताई. फूल आलं म्हटलं असतं तर तू म्हनली असती, बोली झाली होती. बोली तं झालीच होती."

"मंग पाळायची होती."

"पाळाच लागली असती. म्हनून तं सांगतलं नाई."

घरी आई ओसरीवर बसली होती. मी पिशवी टेकवायच्या आत ती म्हणाली, "त्याले बोलू नोको. मीच म्हटलं त्याले."

मी उभीच राहिले.

"फूल पाहून रडाले लागला थो," आई म्हणाली. "आता पुन्ना वर्षभर पानी वाहा. लाईन कवा येते, कवा जाते. सुनंदा रोज पहाटं उठून मोटर पाहाले जाते, तिच्या पायाले चिखल्या झाल्या. तू येतं महिन्यातून एकडाव. झाडं मोजतं, लिवतं, जातं. मी म्हटलं, काढून टाक. आन् फोन करून पाह्य, कुठं हाये थे. मधातच येऊन उभी नोको राह्यला."

म्हणजे तो फोन त्यासाठी होता. मी कुठे आहे ते विचारण्यासाठी. आणि मी टेकाडावर उभी राहून आनंदाने सांगितलं होतं.

विलासची बायको सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिच्या पायांकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन फाटली होती. मला ते दिसलं, कळलं, आणि तरी राग कणभर कमी झाला नाही. माणसाला दुसऱ्याचं म्हणणं पटू शकतं आणि फसवलं गेल्याचं दुःख तसंच राहू शकतं, हे मला त्या ओसरीवर समजलं. बाग काढायला माझी हरकत होती. हरले असते तर रुसले असते, चार महिन्यांनी परत आले असते. पण मला हरवलंच नाही. मला बाजूला काढलं. नऊ दिवस, जिथे माणसांना दिवा लावायला लाईन मिळत नव्हती तिथे मी लोकांच्या चक्क्या, होल्डर, ट्रॅक्टर वापरून फोन जागा ठेवला, आणि त्या जाग्या फोनवर माझ्या घरच्यांनी मला खोटं सांगितलं. बॅटरी उतरलेली असती तर बरं झालं असतं. निदान 'फोन लागला नाही' म्हणाले असते, आणि मी ते मानलं असतं.

मी भांडले नाही. जेवले, सकाळच्या गाडीने अमरावतीला आले. नसरीनला हे पंधरा दिवसांनी सांगितलं. कापड मापायची तिची टेप गळ्यातच राहिली.

"तू लडी नही?"

"नाही."

"तू?" ती म्हणाली. "मग तं लई लागलं तुले."

पुढच्या वर्षी तिथे हरभरा आला. चांगला आला. विलासने एक पोतं अमरावतीला पाठवलं; मी ते घेतलं, त्याचं बेसन केलं, शेजारी वाटलं. शेताची वही माझ्या टेबलातून मी आईच्या ट्रंकेत नेऊन ठेवली. आता तिकडे गेले की शेतात जात नाही असं नाही, जाते, पण नुसती उभी राहते. विलास सोयाबीनचा भाव सांगतो, मी पावसाचं विचारते. राखीला येतो, ओवाळते. लोकांना वाटेल काही झालंच नव्हतं.

पण एक झालं, आणि ते कुठल्याच यादीत मला बसवता आलं नाही. त्यानंतर विलास फोनवर जे सांगायचा, ते मी दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्यायला लागले. पाऊस झाला म्हणाला की अचलपूरला नसरीनला विचारायची. सुनंदा माहेरी गेली म्हणाला की सुनंदाला फोन लावायची. हे मी ठरवून करत नव्हते. बोट आपोआप पुढचा नंबर दाबायचं.

तीन-चार वर्षांनी, असाच माघ होता. सकाळी विलासचा फोन आला. आईला रात्री चक्कर आली होती, डॉक्टरला दाखवून आणलं, आता बरी आहे. "घाबराचं काम नाई. तू येऊ नोको, कॉलेज सोडून," तो म्हणाला.

मी सुनंदाला फोन केला. ती म्हणाली, बऱ्या आहेत. त्यांच्या शेजारच्या घरी केला. तेही म्हणाले, बरी आहे म्हातारी, मघाशी फाटकात उभी होती. मी रजेचा अर्ज लिहिला आणि अकराची गाडी धरली.

आई अंगणात उन्हाला बसून सुपात हरभरा पाखडत होती. तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि पुन्हा सुपाकडे पाहिलं. तिचा रंग चांगला होता, हात थरथरत नव्हते. ती खरोखर बरी होती.

विलास गोठ्यातून बाहेर आला. फाटकाशी मला पाहून जागच्या जागी थांबला. मग पुढे येऊन त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

सुनंदाने चहा टाकला. आम्ही चौघं ओसरीवर बसून तो प्यायलो. "काहून आली?" असं मला कोणी विचारलं नाही.